पायी फिरता येईल असे उपनगर: मुंबईजवळ घर शोधणाऱ्या कुटुंबासाठी

घराच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’ असे छापलेले असते, पण ती पाच मिनिटे कोणाची हे कोठेही लिहिलेले नसते. बहुधा ती रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावरून जाणाऱ्या एजंटच्या मोटारीची असतात. आम्ही घर शोधत होतो तेव्हा अशी तीन घरे मोटारीतून पाहिली आणि तिन्ही आवडली. चौथ्या वेळी आईला बरोबर घेतले आणि मोटार नको, चालतच जाऊ असे ठरवले. त्या पाच मिनिटांना सव्वीस मिनिटे लागली, वाटेत आई दोनदा थांबली आणि एकदा रस्ता ओलांडण्यासाठी आम्हाला रिक्षावाल्याला हात दाखवून थांबवावे लागले. घर उत्तम होते. आम्ही ते घेतले नाही.

प्रस्तुत लेख मुंबईत नोकरी असलेल्या आणि ठाणे, डोंबिवली, मुलुंड, नवी मुंबई किंवा त्यापलीकडे घर शोधणाऱ्या कुटुंबासाठी आहे. वस्ती चालण्याजोगी आहे याचा अर्थ तेथे केवळ फुटपाथ आहे असा नव्हे. लोकल, शाळा, भाजी, दवाखाना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांचा संध्याकाळचा फेरफटका ही रोजची कामे कुटुंबातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला कोणाच्या मदतीवाचून करता आली, तरच ती वस्ती चालण्याजोगी म्हणावी. धडधाकट माणूस कोठेही चालतो, म्हणून त्याच्या पायांनी वस्तीची परीक्षा होत नाही.

घर पाहण्यापूर्वी फेऱ्या मोजाव्यात

पहिले काम कागदावर करावे. घरातला प्रत्येक माणूस आठवड्यातून कोठे कोठे आणि किती वेळा जातो हे लिहून काढावे. बहुतेक कुटुंबे येथेच चुकतात, कारण घराचा हप्ता भरणारा माणूस लोकलने जातो आणि म्हणून स्टेशनाचे अंतर हाच एकमेव निकष होऊन बसतो. वास्तविक नोकरी करणारा माणूस स्टेशनाची वाट दिवसातून दोनदाच चालतो. लहान मुलाला शाळेत सोडणारे माणूस मात्र चार वेळा चालते: सोडायला जाताना, परत येताना, आणायला जाताना आणि परत येताना. या चारांपैकी दोन वेळा त्याच्या हातात मुलाचे बोट आणि खांद्यावर मुलाचे दप्तर असते. दुपारी क्लास असेल तर आणखी चार फेऱ्या वाढतात. आमच्या पाच माणसांच्या घरात अशी मोजणी केली तेव्हा आठवड्याच्या सर्व फेऱ्यांत स्टेशनाचा वाटा निम्म्याहूनही कमी निघाला, आणि सर्वाधिक फेऱ्या शाळेच्या व भाजीच्या निघाल्या.

शाळेच्या बाबतीत कायद्यानेच एक माप घालून दिले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शेजारची शाळा ही कल्पना आहे आणि त्याखालील नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, तर सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी मर्यादा धरली जाते. तीन किलोमीटर हे अंतर कागदावर ठीक असले तरी डोंबिवलीच्या जुलैमध्ये दप्तर घेऊन चालण्याचे नव्हे. प्राथमिक शाळा आठशे मीटरांच्या आत असावी, असे माझे मत आहे. धडधाकट प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ऐंशी मीटर चालतो, म्हणजे त्याला हे अंतर दहा मिनिटांचे पडते. सहा वर्षांचे मूल किंवा गुडघे दुखणारी आजी मिनिटाला पन्नास मीटरच चालते, म्हणजे त्यांना सोळा मिनिटे लागतात. सर्व अंतरे या दुसऱ्या हिशेबाने मोजावीत.

भाजीच्या बाबतीत अंतरापेक्षा वाट महत्त्वाची असते. मंडई घरापासून तीनशे मीटरांवर असली पण स्टेशनाच्या विरुद्ध दिशेला असली, तर संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला ती दूरच वाटते. तीच मंडई सातशे मीटरांवर पण स्टेशन आणि घर यांच्या मध्ये असली, तर भाजी जाता जाता घेतली जाते आणि वेगळी फेरी वाचते. उपनगरांतल्या स्टेशनांबाहेर निवडलेली मेथी, सोललेला मटार आणि चिरलेली फरसबी विकायला बसणाऱ्या बायकांनी हे गणित कधीच ओळखले आहे.

स्टेशनाचे अंतर कोठून मोजावे

नकाशात स्टेशन हा एक ठिपका असतो. प्रत्यक्षात बारा डब्यांची लोकल सुमारे अडीचशे मीटर लांब असते, त्यामुळे आपण कोणत्या डब्यातून उतरतो आणि कोणता पादचारी पूल चढतो यावर तीन-चार मिनिटे सहज इकडची तिकडे होतात. गर्दीच्या वेळी पुलाच्या जिन्यावर थबकण्याची मिनिटे वेगळीच. महिला डब्याने प्रवास करणाऱ्या व्यक्तीने तो डबा जेथे थांबतो तेथून, रोज वापरायच्या पुलाने, रोजच्या वेळी घरापर्यंत चालून पाहावे. कल्याणच्या दिशेचा पूल, मधला पूल आणि मुंबईच्या दिशेचा पूल हे एकाच स्टेशनाचे तीन वेगवेगळे दरवाजे आहेत असे समजावे, आणि घर कोणत्या दरवाजाशी आहे ते पाहावे. जिन्याला पर्याय म्हणून सरकता जिना किंवा उद्वाहन (लिफ्ट) आहे का, हेही त्याच वेळी पाहावे. ते चालू आहे का, हे मात्र तीन वेगवेगळ्या दिवशी पाहावे.

यानंतर पूर्व की पश्चिम हा प्रश्न येतो. रुळांमुळे उपनगराचे दोन तुकडे झालेले असतात आणि ते एकमेकांना जेमतेम दोन-तीन ठिकाणी जोडलेले असतात. डोंबिवलीतला पूर्व-पश्चिम जोडणारा कोपर पूल २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या दोन वर्षांत एका बाजूला घर आणि दुसऱ्या बाजूला शाळा असलेल्या कुटुंबांची जी ओढाताण झाली, ती पाहिल्यावर मी एक साधा नियम केला: स्टेशन सोडून इतर कोणत्याही रोजच्या कामासाठी रूळ ओलांडावे लागू नयेत. शाळा पश्चिमेला ठरली असेल तर घरही पश्चिमेलाच पाहावे, मग पूर्वेचे घर कितीही हवेशीर असो.

जुने आणि नवे

मुंबईजवळची चालण्याजोगी उपनगरे बहुतेक जुनी आहेत, आणि याचे कारण सोपे आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षे सामान्य माणसाकडे मोटार नव्हती, म्हणून स्टेशनाभोवतीची वस्ती पायांच्या मापाने वाढली. ठाण्याच्या नौपाड्यात राम मारुती रोड आणि गोखले रोड यांच्या आजूबाजूला राहणाऱ्या माणसाला स्टेशन, दुकाने, १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय, तलावाकाठची तलावपाळी आणि गडकरी रंगायतन हे नाट्यगृह, हे सर्व पायी गाठता येते. मुलुंड पश्चिमेला रस्त्यांची आखणी चौकटीसारखी आहे. त्यामुळे एका रस्त्यावर गर्दी असेल तर शेजारच्या समांतर रस्त्याने जाता येते, आणि पाचरस्ता या चौकातला गोंधळ टाळून स्टेशनला पोचण्याच्या एकाहून अधिक वाटा असतात. डोंबिवली पूर्वेला फडके रोड स्टेशनाजवळून निघून गणेश मंदिराकडे जातो, आणि रामनगर व टिळकनगर ही त्याच्या अवतीभवतीची चालत जाण्याच्या अंतरातली वस्ती आहे. दिवाळीच्या पहाटे अवघी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर जमते. ज्या रस्त्यावर माणसे काही काम नसताना चालायला येतात तो रस्ता चालण्याजोगा असतो, एवढे गमक मला पुरेसे वाटते. अर्थात शांतता हवी असेल तर फडके रोडवर घर घेऊ नये, त्याच्यापासून दोन गल्ल्या आत घ्यावे.

नवी मुंबईची गोष्ट निराळी आहे. १९७० मध्ये सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि शहर सेक्टरांत आखले गेले. शाळा, बाग आणि दुकाने सेक्टरातच असावीत ही कल्पना चालणाऱ्याच्या सोयीचीच होती, आणि सेक्टराच्या आत ती आजही सोयीची ठरते. अडचण सेक्टराबाहेर पडल्यावर सुरू होते, कारण मोठे रस्ते मोटारींच्या वेगासाठी आखले आहेत. वाशीचेच पाहा. तेथे रेल्वे १९९२ मध्ये आली, पण स्टेशन सायन-पनवेल महामार्गाच्या एका अंगाला आणि जुने सेक्टर दुसऱ्या अंगाला, त्यामुळे तेथील पुष्कळ रहिवासी स्टेशनला बसने जातात. नेरूळमध्ये स्टेशनाच्या दोन्ही बाजूंना लागूनच वस्ती आहे, म्हणून पायी जाणाऱ्या कुटुंबाने नवी मुंबईत शोध सुरू करायचा असेल तर मी नेरूळपासून करीन. पामबीच रस्त्यावरून समोर खाडी दिसते, पण पायी कोठे जाणार?

घोडबंदर रस्ता आणि कल्याण-शीळ रस्ता यांच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या मोठ्या संकुलांत घर मोठे मिळते, आत बाग असते, मुलांना खेळायला सुरक्षित जागा असते, हे सर्व खरे आहे. आतल्या आत चालायला तेथे मुंबईहून उत्तम सोय आहे. परंतु संकुलाच्या फाटकाबाहेर पडल्याबरोबर वाहनच लागते, आणि स्टेशन तर बसने किंवा शेअर रिक्षानेच गाठावे लागते. ज्या कुटुंबात कोणी रोज लोकलने जात नाही आणि शाळा संकुलातच आहे, त्यांनी असे घर अवश्य घ्यावे. इतरांनी हातचे राखूनच विचार करावा.

येऊ घातलेल्या मेट्रोच्या भरवशावर पैसे मोजू नयेत. बेलापूर ते पेंधर या नवी मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन १ मे २०११ रोजी झाले आणि मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला. भूमिपूजनाच्या वर्षी पहिलीत गेलेले मूल गाडी धावली तेव्हा बारावी उलटून गेले होते.

रस्ता कसा वाचावा

वस्ती निवडून झाल्यावर खरे काम सुरू होते, आणि ते चालूनच करावे लागते. पहिल्यांदा भिंती पाहाव्यात. चालणाऱ्याला सर्वांत कंटाळवाणी आणि रात्री सर्वांत भीतीची गोष्ट म्हणजे लांबच लांब कंपाउंडची भिंत. जुन्या वस्तीत दर पन्नास-शंभर पावलांवर गल्ली फुटते, दुकानाची पायरी येते, कोणाच्या तरी खिडकीतला दिवा दिसतो. नव्या संकुलाची भिंत तीनशे-चारशे मीटर चालली तरी संपत नाही आणि तिला फाटक एकच असते. येथे एक फसगत होते ती ध्यानात ठेवावी. नकाशावर शाळा इमारतीच्या पाठीला लागून दिसते, एजंटही ‘शाळा मागेच आहे’ असे सांगतो, पण सोसायटीने सुरक्षेसाठी मागचे फाटक कायमचे कुलूपबंद केलेले असते, आणि दोनशे मीटरांची वाट वळसा घालून नऊशे मीटरांची होते. म्हणून मागचे फाटक कोणत्या वेळेत उघडे असते हे एजंटला न विचारता रखवालदाराला विचारावे. मोठ्या संकुलात आपली इमारत मुख्य फाटकापासून किती आत आहे, हेही मोजावे. ते अंतर कोणत्याही जाहिरातीत धरलेले नसते.

मग फुटपाथ. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार निवासी भागात चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंदी मोकळी असावी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरांहून अधिक नसावी. हे मोजायला टेप लागत नाही. उघड्या छत्र्या घेतलेली दोन माणसे एकमेकांना न अडता समोरासमोरून जाऊ शकली तर रुंदी बरी आहे असे धरावे, आणि बाबागाडी किंवा चाकाची पिशवी न उचलता वर चढवता आली तर उंची बरी आहे. विजेची डीपी, होर्डिंगचे खांब, फुटपाथवर चढवलेल्या दुचाक्या, फुटलेले पेव्हर ब्लॉक आणि गटाराचे हलणारे झाकण यांच्यासाठी वेगळी नोंद करावी. फुटपाथ दर इमारतीच्या फाटकाशी तुटतो आणि पुन्हा चढतो, असा चढउतार पाचशे मीटरांत पंधरा वेळा होत असेल तर वडीलधारी माणसे तो सोडून रस्त्यावरूनच चालतात. तेथे फुटपाथ असून नसल्यासारखा आहे.

मात्र फुटपाथ नाही म्हणून गल्ली लगेच बाद करू नये. ज्या आतल्या गल्लीतून दिवसभरात थोडीच वाहने आणि तीही सावकाश जातात, तेथे रस्त्याच्या मधोमध चालणे हे मोठ्या रस्त्याच्या रुंद फुटपाथवर चालण्यापेक्षा सुखाचे असते. टिळकनगरच्या आणि नौपाड्याच्या कित्येक गल्ल्या अशाच आहेत. गल्ली संकटात येते ती मोटारींच्या चालकांना सिग्नल चुकवण्याची आडवाट म्हणून सापडल्यावर. सकाळी साडेआठ ते साडेनऊ या वेळात गल्लीच्या तोंडाशी दहा मिनिटे उभे राहिले तर ती तशी सापडली आहे की नाही हे कळते.

सर्वांत अवघड जागा म्हणजे रस्ता ओलांडण्याची. धडधाकट माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर या वेगाने रस्ता ओलांडतो, म्हणजे २४ मीटर रुंदीचा रस्ता ओलांडायला त्याला वीस सेकंद लागतात. ज्येष्ठ माणसाचा वेग ०.८ मीटर धरला तर तोच रस्ता तीस सेकंदांचा होतो. सिग्नलवर उभे राहून पादचाऱ्यांचा हिरवा दिवा किती सेकंद टिकतो ते मोजावे, आणि रस्त्याच्या मध्ये थांबायला दुभाजकाचा आधार आहे का ते पाहावे. शाळेच्या वाटेवर असा मोठा रस्ता एकही नसावा. स्टेशनाच्या वाटेवर एक चालेल, पण सिग्नलचा. रस्ता ओलांडायला पादचारी पूल आहे असे कौतुकाने सांगितले जाते, तेव्हा त्याच्या पायऱ्या मोजाव्यात आणि खालून जीव मुठीत धरून पळणारी माणसे किती आहेत तेही मोजावे. वरून जाणाऱ्यांपेक्षा खालून पळणारे अधिक असतील तर तो पूल वाहनांच्या सोयीसाठी बांधलेला आहे.

फेरीवाल्यांविषयी माझे मत अनेकांना पटणार नाही. स्टेशनापासून १५० मीटरांच्या आत फेरीवाले नसावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला, आणि स्टेशनाच्या तोंडाशी चेंगराचेंगरी होते तेथे तो योग्यच आहे. परंतु त्यापुढच्या वाटेवर बसलेला फुलवाला, गाडीवरचा इस्त्रीवाला, रात्री अकरापर्यंत उघडे असलेले औषधांचे दुकान आणि कोपऱ्यावरचा वडापाव यांच्यामुळेच रात्री उशिराच्या लोकलने उतरलेली मुलगी निर्धास्तपणे घरी येते. म्हणून प्रत्येक वाट एकदा रात्री साडेदहानंतर चालून पाहावी, आणि ती घरातल्या स्त्रीने आपल्या नजरेने पाहावी. दिवे किती आहेत यापेक्षा दोन दिव्यांमधला काळोख किती लांब आहे आणि त्या पट्ट्यात कोणी माणूस उघड्या दारात बसलेले असते का, याकडे लक्ष द्यावे.

पावसाळा

मुंबई परिसरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे वर्षातले चार महिने चालणे हे पाण्यातून चालणे असते. घर शक्यतो जुलैमध्ये पाहावे. त्या दिवसांत घर शोधणारे कमी असतात, एजंटही निवांत असतात आणि रस्ता काहीच लपवू शकत नाही. तसे जमले नाही तर इमारतींच्या जोत्यांवरचे आणि दुकानांच्या शटरांवरचे पाण्याचे डाग पाहावेत, तळमजल्यावरच्या जुन्या दुकानदाराला पाणी कोठपर्यंत येते ते विचारावे. वाणी किंवा पिठाच्या गिरणीवाला याबाबत एजंटपेक्षा खरे बोलतो, कारण त्याची पोती भिजलेली असतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाणी कोठपर्यंत होते हे जुन्या वस्तीत प्रत्येकाला आठवते. उल्हास नदीच्या काठच्या भागात २०१९ चा प्रश्नही विचारावा. त्या वर्षी जुलैअखेर बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. घरात पाणी शिरले नाही एवढ्यावर समाधान मानू नये, घर आणि शाळा यांच्यामधला रस्ता त्या दिवशी चालता येत होता का हे विचारावे.

हवेचा प्रश्नही चालणाऱ्याला अधिक जाणवतो. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ आणि २०२४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात कारखान्यांत मोठे स्फोट झाले आणि आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखान्यांच्या लगतचे घर स्वस्त मिळते ते का, हे समजून मगच सौदा करावा.

पैशांचा हिशेब

स्टेशनाजवळचे घर महाग आणि लहान, लांबचे स्वस्त आणि मोठे, हा व्यवहार सर्वांना माहीत आहे. पण लांबच्या घराचा रोजचा खर्च फारच थोडे लोक मांडून पाहतात. शेअर रिक्षाचे माणशी वीस रुपये धरले तर दोन नोकरदारांचे दिवसाला ऐंशी आणि महिन्याच्या पंचवीस दिवसांचे दोन हजार रुपये होतात. शाळेची व्हॅन आणि अधूनमधून मीटरच्या रिक्षा धरून ही रक्कम पाच हजार झाली असे समजू. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाख रुपयांच्या कर्जाचा मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो, म्हणजे या पाच हजारांत पावणेसहा लाखांचे जास्तीचे कर्ज फिटू शकते. दुसरी दुचाकी घ्यावी लागत नसेल तर आणखी थोडे. रिक्षाच्या रांगेत जाता-येता पंधरा-पंधरा मिनिटे गेली तर एका माणसाचे महिन्याला साडेबारा तास जातात, आणि त्यांची किंमत ज्याची त्याने ठरवावी. या हिशेबाने प्रत्येक वेळी जवळचेच घर परवडेल असे नाही. ठाणे स्टेशनाजवळची किंमत आणि घोडबंदरची किंमत यांतले अंतर पावणेसहा लाखांत भरून निघणारे नसते. अशा वेळी ठाण्याजवळ जाण्याचा हट्ट सोडून पुढच्या स्टेशनाच्या जवळ जावे, हा माझा सल्ला आहे. उदाहरणार्थ, ठाण्याऐवजी डोंबिवली. गाडीतली काही मिनिटे वाढतात, पण उतरल्यावर पायी घरी येता येते.

स्टेशनाजवळच्या जुन्या इमारतींना उद्वाहन नसणे ही मोठी उणीव असते. तिसऱ्या मजल्यावरची आजी घराबाहेर पडलीच नाही तर खालचा रस्ता कितीही चांगला असून काय उपयोग? पुनर्विकासाला गेलेली इमारत घेताना गल्लीतल्या किती इमारती त्याच मार्गावर आहेत हेही पाहावे. पाच मजल्यांच्या जागी वीस मजले आले की तीच अरुंद गल्ली चौपट मोटारी वाहू लागते.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. महारेरा या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाकडची नोंदणी २०१७ पासून सुरू आहे, पण तेवढ्या क्रमांकावर विसंबू नये. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराचे क्रमांक मिळवलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आहे, म्हणून बांधकाम परवानगी महापालिकेत जाऊन ताडून पाहावी आणि भोगवटा प्रमाणपत्र मागावे. महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध करते, तीही पाहावी. विकास आराखडा मात्र चालणाऱ्याच्या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगा आहे. समोरची शांत गल्ली आराखड्यात अठरा मीटरांचा रस्ता म्हणून दाखवली आहे का, आणि मुले खेळतात ते मैदान खरोखर मैदानासाठीच आरक्षित आहे का, हे नगररचना विभागातून कळते.

आधी भाड्याने

एवढे सर्व पाहूनही वस्तीत राहिल्याशिवाय काही गोष्टी कळत नाहीत. शक्य असेल तर त्याच वस्तीत अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहावे. करार जूनच्या आरंभी सुरू होईल असा करावा, म्हणजे एक पूर्ण पावसाळा, गणपती-नवरात्रीतले मांडव आणि शाळेचे अख्खे वर्ष त्यात येते. करार नोंदवून घ्यावा, आणि महिनाभराच्या सूचनेने घर सोडता येईल असे कलम त्यात आवर्जून घालावे.

या अकरा महिन्यांत एक छोटी वही ठेवावी आणि ज्या ज्या दिवशी चालत जाण्याचे ठरवून शेवटी रिक्षा करावी लागली, त्या दिवसाची तारीख आणि कारण लिहावे. आमच्या वहीत पहिल्या तीन महिन्यांत एकोणीस नोंदी झाल्या. त्यांपैकी अकरा एकाच चौकातल्या होत्या, जेथे पाणी साचत असे आणि सिग्नल नव्हता. पुढे घर विकत घेतले ते त्याच वस्तीत, पण त्या चौकाच्या अलीकडे. घर शंभर चौरस फुटांनी लहान आहे. आई आता ग्रंथालयात एकटी जाते आणि येताना कोथिंबीर आणते.